देठ अजून ओला

"टिकतोय, सर. अजून आहे थोडा," मी म्हणाले.

"थोडा म्हणजे नाहीच," मोहोळकर सर म्हणाले. "ठेवा ती नळी खाली."

मी ठेवली नाही. खिडकीतून चैत्राचं ऊन आत आलं होतं, त्यात नळी धरून मी बघत राहिले. शेवंताच्या पोटातून सकाळी सुईनं काढलेलं गर्भजल होतं ते. त्यात बरोबरीनं अल्कोहोल घालून, बूच लावून मी ते जोरानं हलवलं होतं. म्हशीची धार काढताना चरवीत येतो तसा फेस वर आला होता. तो पाव तास टिकायला हवा. काचेच्या कडेनं बुडबुड्यांचं कडं उभं राहिलं, तर समजायचं की बाळाच्या फुफ्फुसांत साबणासारखा एक पातळ थर तयार झाला आहे. पहिल्या श्वासाला उघडलेली फुफ्फुसं दुसऱ्या श्वासापर्यंत मिटून जाणार नाहीत. कडं विरलं, तर बाळ जन्मेल, एकदा रडेल, आणि मग प्रत्येक श्वासासाठी त्याला पहिल्याइतकंच झगडावं लागेल. थकेपर्यंत.

कडं विरत होतं. एकेक बुडबुडा, झोपेला आलेला डोळा मिटावा तसा.

"अल्कोहोल जुनं असेल."

"काल नवी बाटली उघडली, सर."

"नळी?"

"धुऊन, उकळून, वाळवून घेतली. आणि दुसऱ्यांदा करतेय मी हे. पहिल्यांदाही असंच झालं."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले. विचार करायला लागले की ते चष्मा पुसत. मग तो आधीपेक्षा मळका होई.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची. माणदेशाच्या कडेला एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. तिथं मोहोळकर सर बाळंतपणं बघत आणि मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर होते. सोनोग्राफीचं यंत्र पुण्यात होतं, म्हणजे आमच्या लेखी चंद्रावर. एक्स-रे काढून बाळाच्या गुडघ्याजवळचं हाड धरलंय का बघता आलं असतं, पण आमचं एक्स-रेचं यंत्र शिमग्याच्या आधीपासून बंद पडलेलं. राहिले दोन हात, एक टेप, आणि ही नळी.

शेवंता धनगराची सून. तिला मधुमेह होता, हे तिच्या गावच्या आरोग्य केंद्रात नुकतंच कळलं होतं. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. कळ नाही, ताप नाही. चांगली बाळसेदार, गुटगुटीत. एके सकाळी हलायची थांबली, एवढंच. आईच्या रक्तातली साखर पोटातल्या बाळाला आधी फुगवते आणि मग शेवटच्या टप्प्यात कधीतरी, न सांगता, विझवते. म्हणून अशा बाळाला दिवस भरायच्या आत बाहेर काढायचं असतं. पण फार आधी काढावं, तर अडचण ही की या बाळांची फुफ्फुसं इतरांहून उशिरा पिकतात.

"अंगानं थोर, श्वासानं पोर," सर म्हणायचे.

आताही तेच म्हणाले. मग म्हणाले, "भिंगारेबाई, सासू सांगते, नववा लागला. माझा हात सांगतो, नववा लागला. म्हणजे सदतीस आठवडे धरा. ही नळी एकटी म्हणते, नाही. तिघांत दोन साक्षी एका बाजूला आहेत."

"पण पोट साखरेनंही मोठं दिसतं, सर. पाणीही जास्त आहे."

"मान्य. आणि थांबलो, आणि उद्या सकाळी ते हललं नाही, तर? तिसऱ्यांदा?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या फळीवर शेवंता झोपली होती.

"उद्या सकाळी घेऊ," सर म्हणाले. "ऑक्सिजनचं नळकांडं भरलंय का बघून ठेवा."

मी नळी ओतून टाकली.

दुपारी वॉर्डात गेले. उद्याची तयारी सांगायची होती. वॉर्डाच्या मागच्या ओसरीवर कडुनिंबाची सावली पडायची. तिथं खाट ओढून शेवंता बसली होती आणि सासू तिच्या डोक्याला तेल लावत होती. सासूचं नाव बायजाबाई. काटक, वाळक्या शेंगेसारखी म्हातारी. मुलगा दगडू मेंढरं घेऊन कऱ्हाडकडच्या बागायतीत गेलेला, तेव्हा सुनेला घेऊन ही एकटीच आली होती. आल्या दिवशी गायसमुद्रे सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, "आजी, रात्री बाहेर धर्मशाळेत झोपायचं, वॉर्डात नाही." त्यावर ती म्हणाली होती, "मेंढरापाशी बी कुणीतरी निजतंच की, बाय. ही तर सून हाय." आणि शेवंताच्या खाटेखाली वाकळ पसरून मोकळी झाली होती.

ओसरीच्या दारातच मी थांबले. म्हातारी गात होती. मोठ्यानं नव्हे, जात्यावर बसलेली बाई स्वतःशीच गाते तसं, तेल चोळण्याच्या लयीत.

पहिल्या गं महिन्यात, अन्न दिसं न्यारं न्यारं
शेवंता माझी सून, उंबऱ्यात घेई वारं

डोहाळ्याच्या ओव्या होत्या. माझी आत्या तासगावकडे जात्यावर गायची. माझं सगळं लहानपण त्या घरघरीत दळलं गेलंय. मी खांबाला टेकून ऐकत राहिले. गर्भार बाईला एकेका महिन्याच्या पायरीवरून अशी हात धरून नेतात. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याला चिंच आली.

पाचव्या गं महिन्यात, पोटी पाखराची कुई
हात ठेविते मी वर, मी गं सासू नव्हं आई

शेवंतानं डोळे मिटले होते. सहावा झाला.

सातव्या गं महिन्यात, ओटी भरली नारळानं
सून माझी झाकियेली, हिरव्या गं पातळानं

नवव्या गं महिन्यात, पाळण्याला दोरी नवी
ये गं ये गं सटवाई, रेघ लिहावी बरवी

आणि गाणं संपलं. म्हातारीनं हातातलं उरलेलं तेल स्वतःच्या घोट्यांना पुसलं.

मी पुढे झाले. मला वाटलं, विसरली. गाणाऱ्या बाईची एखादी ओवी निसटली की दुसरीनं ती उचलून द्यायची, ही आमच्याकडची रीतच. मी शेवंताच्या पायाशी खाटेवर टेकले आणि आत्याची ओवी तिच्याच चालीत म्हटली:

आठव्या गं महिन्यात, आंबा पाडाला लागला
नका हलवू गं फांदी, देठ अजून ओला

शेवटचा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत म्हातारीचा तेलकट तळवा माझ्या ओठांवर बसला.

"गप," ती म्हणाली. "गप, लेकी. काय क्येलंस ह्ये?"

शेवंतानं डोळे उघडले होते आणि दोन्ही हातांनी पोट झाकून घेतलं होतं.

मी तिचा हात हळूच बाजूला केला. "बायजाबाई, एक महिना राहिला ना गाण्यात?"

"ऱ्हायला न्हाई. म्या ठिवला बाजूला."

"का?"

कडुनिंबाचा मोहोर म्हातारीच्या मांडीवर गळून पडला होता, तो एकेक वेचून खाली टाकत बसली. शेवंताच बोलली. दवाखान्यात आल्यापासून तिचा आवाज मी नीट असा ऐकलाच नव्हता.

"सांगा, आत्ती. उद्याच्याला पोट फाडायचं म्हणत्यात. मला ह्या बारीला मोकळ्या हातानं न्हाई जायाचं घरला."

म्हातारीनं मांडी झटकली. मग माझ्याकडे न बघता, ओसरीखालच्या पायऱ्यांशी बोलावं तसं सांगायला लागली.

"माझी तीन गेली. तिन्ही त्याच महिन्यात. सातव्यात झाल्यालं लेकरू जगतंय, नवव्यातलं जगतंय, त्यातलं जगत न्हाई. जगाला ठावं हाय ह्ये. चौथ्या बारीला माझ्या सासूनं काय क्येलं, तर सातवा सरला तशी गावभर साकर वाटली, सुनंला नववा लागला म्हणून. मधला मोजलाच न्हाई. मराण त्या महिन्याच्या नावावर येतंय, लेकी. नावच कुणी घितलं न्हाई, तर त्ये हुडकणार कुठं? त्ये बसलं धुंडीत, आन् हिकडं माझं लेकरू जगात आलं. त्याचं बी नाव दगडू ठिवलं. दगडाला कोण न्हेतंय?"

"म्हणजे शेवंताचाही..."

"हिची आधीची दोन समद्यांनी मोजली. नर्सबाई यायची, वटीवर हात ठिवायची, आन् मोठ्यांदा म्हणायची आकडा. दोन्ही गेली. म्हणून ह्या बारीला म्या कुणाला मोजू दिलं न्हाई. हिला सुदीक न्हाई. सातावरनं नवावर टाकली."

मी उठून उभी राहिले, पुन्हा बसले.

"आजी, हिची ओटी कधी भरली?"

"शिमग्याच्या आदल्या सुक्करवारी."

"तेव्हा सातवा होता?"

"वटी सातव्यातच भरत्यात की."

पाडवा होऊन चारच दिवस झाले होते. ओटी ते आज, जेमतेम साडेतीन आठवडे. बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. सदतीस नव्हे, तेहेतीस. बाळ जे मोठं लागत होतं ते साखरेनं. आणि नळी एकटी पडली होती, ती खरं बोलत होती म्हणून.

"बायजाबाई," मी म्हणाले, "तुम्ही मरणाला चकवलंत, ते ठीक. पण त्याच्याबरोबर आम्हालाही चकवलंत."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुमास्नी कशापायी चकवीन? तुमी डाक्तर. हात लावला की कळंल, म्हटलं."

सर जेवायला बसले होते. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"म्हणजे एका ओवीवरून ऑपरेशन रद्द करायचं म्हणता?"

"ओवीवरून नाही, सर. ओटी शिमग्याला भरली. आणि नळी दोनदा नाही म्हणालीय."

"सुनेला कसं कळलं नाही? बाईला आपले दिवस कळत नाहीत?"

"तिची पाळी कधीच वेळेवर नव्हती. सासूनं सांगितलं तेच तिनं धरलं."

सरांनी ताट बाजूला सारलं. चष्मा पुसायला लागले.

"उद्या काढलं असतं, तर हातात मेलं असतं," ते स्वतःशी म्हणाले. मग माझ्याकडे वळून: "आता दुसरी बाजू सांगा. थांबलो, आणि आत गेलं तर? ती म्हातारी काय म्हणेल, ठाऊक आहे ना? तुम्ही तो महिना बोलून दाखवलात म्हणून गेलं. मरेपर्यंत तसंच म्हणेल. आणि तिच्या हिशेबानं ते खरंच असेल."

"हो, सर."

"तरी थांबायचं?"

आत्याची ओवी कानात होती, पण ती काही मी सरांना म्हणून दाखवली नाही. म्हणाले, "साखर धरून ठेवू. पोटातली हालचाल रोज बघू. फळ कच्चं आहे म्हणून नळी सांगतेय, तर निदान तिचं एकदा ऐकू."

सर उठून हात धुऊन आले. "ऐकू," ते म्हणाले. "पण जबाबदारी माझी. तुमची नाही. हे त्या म्हातारीलाही सांगा."

मी सांगितलं. म्हातारी ऐकत होती, पण तिची नजर सरांच्या खोलीकडे नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, एखादी वस्तू हरवणार हे आधीच कळल्यावर माणूस त्या वस्तूकडे बघतं तशी.

मग ते थांबणं सुरू झालं. दिवसातून कितीदा तरी शेवंताची लघवी तपासायची, इन्सुलिन टोचायचं, भात तोडायचा, भाकरी मोजून द्यायची. आणि बाळाची हालचाल. मी शेवंताला एक वाटी आणि मूठभर चिंचोके दिले. बाळ हललं की एक चिंचोका वाटीत टाकायचा. म्हातारीनं ते बघितलं आणि वाटी उचलून पदराखाली घेतली.

"मोजू नगा."

"ती मोजणार नाही, आजी. नुसती टाकेल. मोजीन मी, बाहेर नेऊन."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तूच का?"

"मग कोण?"

तिनं वाटी परत दिली. त्या दिवसापासून म्हातारी बदलली.

आधी ती सुनेच्या खाटेला चिकटून असायची. आता मी जिथं जाईन तिथं दिसू लागली. तपासणीच्या खोलीत गेले की दारासमोर उकिडवी बसायची. टळटळीत उन्हात क्वार्टरकडे निघाले की दहा हात मागं चालत यायची. एकदा दुपारी मी चिंचेखाली वारा घ्यायला उभी राहिले, तर लांबूनच ओरडली, "तितनं नीघ!" का, ते सांगितलं नाही. रोज विचारायची, "जेवलीस?" ते विचारणंही मायेचं वाटायचं नाही, पोलिसानं हजेरी घ्यावी तसं वाटायचं.

"डॉक्टर," गायसमुद्रे सिस्टर म्हणाल्या, "सून आहे खाटेवर आणि सासू तुमच्या वाट्याला. लग्नाआधीच सासुरवास."

"हसू नका. तिचा माझ्यावर राग आहे."

"राग असता तर शिव्या दिल्या असत्या. माणदेशातली बाई आहे ती, पोटात ठेवणारी नव्हे."

दुसऱ्या आठवड्यात मला ताप आला. साधाच, उन्हाचा. दोन दिवस क्वार्टरमध्ये पडून होते. डोळा उघडला की उंबऱ्यावर म्हातारीची पाठ दिसायची. पाणी द्यायची, कपाळावर हात ठेवून बघायची, पुन्हा जाऊन बसायची. मला राहून राहून शेवंताची काळजी वाटत होती, आणि ही इथं.

"सून सोडून इथं कशाला बसलाय?" शेवटी मी वैतागून म्हणाले. "माझ्यावर पाळत ठेवताय का?"

"व्हय," ती म्हणाली. "ठिवतीया."

मी भिंतीकडे तोंड केलं. मनात म्हटलं, बाळाचं काही झालं तर ही मला जन्मभर सोडणार नाही. आणि त्या तापात असंही वाटलं की तिनं सोडू नये.

अक्षय्य तृतीया उलटून गेली. शेवंताची साखर आटोक्यात होती. वाटी रोज भरत होती. मग एका सकाळी सिस्टर वाटी घेऊन स्वतःच आल्या. नेहमी तोपर्यंत ती निम्मी भरलेली असायची. आज तळाशी दोनच चिंचोके होते.

मी धावले. ठोके लागत होते, पण शेवंताच्या चेहऱ्यावर आधीच्या दोन सकाळी उतरल्या होत्या. "हालत न्हाई, बाई," ती म्हणाली. "काल सांजंपासनं जड झालंय."

सरांनी सुई घातली. पाणी या खेपेला थोडं गढूळ आलं, आत पिठाचे कण तरंगल्यासारखं. मी नळ्या मांडल्या. एकीत बरोबरीनं अल्कोहोल, दुसरीत गर्भजल कमी करून. हलवल्या. सर घड्याळ बघत होते. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

पहिल्या नळीत कडं उभं राहिलं. काचेला धरून, सगळीकडून, तुटलं नाही. दुसरीत अर्धंच राहिलं, चंद्राच्या कोरीसारखं.

"पिकलंय," सर म्हणाले. "पूर्ण नाही, पण धरलंय. पूर्ण व्हायची वाट बघितली तर फांदीवरच वाळेल. चला."

थिएटरच्या दारापर्यंत म्हातारी खाटेबरोबर चालत आली. तिनं शेवंताच्या पायांना हात लावला. मग माझा दंड धरला, घट्ट. सिस्टरांनी दार ओढून घेतलं.

सरांचे हात थिएटरमध्ये वेगळेच होत. चष्मा पुसणारे हात ते नव्हेत. बाळ निघालं. मुलगी. मोठी, गोल खांद्यांची, अंगभर लोण्यासारखा पांढरा लेप. आणि निळी. तिच्या तोंडातून नळीनं पाणी ओढलं. पाठ चोळली. तळवे चोळले. ती मिटलेल्या मुठीसारखी पडून होती.

मग छाती आत खेचली गेली, बाहेर आली, आणि ती रडली.

ते रडणं ऐकून शेवंताजवळ उभ्या असलेल्या सिस्टरांनी नाक ओढलं, पण मी हसले नाही. पहिल्या रडण्याला मी भुलणार नव्हते. दुसरा श्वास, तिसरा, दहावा, सगळे बघायचे होते. तासाभरानं ती कण्हायला लागली. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीकसा हुंकार, बरगड्या आत. आम्ही तिला उबेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन लावला. गोड पाण्याची सलाईन लावली. दुपार झाली. कण्हणं वाढलं नाही. सर जेवून आले, मी गेले नाही. मग उन्हं कलायला लागली तसा हुंकार हळूहळू विरळ होत गेला, आणि एका क्षणी माझ्या ध्यानात आलं की मघापासून मी तो ऐकलेलाच नाही. ती झोपली होती. छाती वर जात होती, खाली येत होती, आणि खाली येऊन मिटत नव्हती.

सरांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "जा," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा म्हातारीला."

ती सकाळी उभी होती तिथंच उभी होती. सिस्टर तिच्याजवळ आधीच पोचल्या होत्या आणि हसत होत्या. "आजी, नात! दगडूला दगडी झाली. आता श्वासही चांगला चाललाय. चला, बघा."

म्हातारीनं सिस्टरांना हातानं बाजूला केलं आणि माझ्याकडे आली.

"तुला काय झालं न्हाई न्हवं?"

"मला?"

"चक्कर? हातापायाला मुंग्या? काळजात दुखतंय कुठं?"

"नाही, आजी. मला काय होणार? बाळ..."

"उभी ऱ्हा."

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. मिरच्या चुरगळलेल्या होत्या, मीठ घामानं ओलं झालेलं; एका दिवसाची पुरचुंडी नव्हती ती. मूठ भरून तिनं माझ्यावरून उतरायला सुरुवात केली. डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत. ओठ पुटपुटत होते. वॉर्डातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, आधी नात तर बघा," सिस्टर म्हणाल्या.

"बघती. पळून जातीया व्हय? आधी हिचं हू दे."

"पण हिची दृष्ट कशाला?"

म्हातारीनं उतरणं थांबवलं नाही. उतरता उतरताच बोलली, माझ्याशी.

"त्याचं नाव तू घितलंस. माझ्या सुनंच्या पायापाशी बसून, तुझ्या तोंडानं. हुडकत आलं असतं त्ये. हिला सोडून तुला धरलं असतं. तवाधरनं बसतीया तुझ्या मागं."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलाय."

"राग?" तिनं मुठीतलं सगळं सिस्टरांच्या हातात कोंबलं. "चुलीत टाक जा, बाय, वास यितो का बघ." मग दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळी वाजली.

"तिला तुमी समदी हुता," ती म्हणाली. "तुला कोण हुतं?"

आणि नातीला बघायला आत गेली.

मी ओसरीवर येऊन बसले. केसांत, कॉलरमध्ये मिठाचे खडे टोचत होते. बराच वेळ मी ते झटकले नाहीत.